पाहायचे पैसे पडतात

मेंढीकोट येतो, बदाम सात येतो,
रमीत काकाला दोनदा हरवलंय.
एवढ्या भांडवलावर बुधवारी
जेल रोडच्या त्या गच्चीवर गेले.

एस्तेर मावशींनी मोजून दिले पन्नास चिंचोके.
"तीस वर्षं प्रेसमध्ये नोटाच तपासल्या गं.
आता हेच बरे.
निदान खोटे निघत नाहीत."

दोन पानं आपली, पालथी.
पाच सगळ्यांची, हळूहळू उताणी होणारी.
पोकर म्हणजे एवढंच.
बाकीचं, म्हणाल्या, पानांच्या बाहेर असतं.

मला बदाम राणीची इस्पिक राणीशी गाठ पडली
आणि माझे कान तापले.
सुभेदार खैरनारांनी चष्मा पुसला, पत्ते टाकले.
मोगलांनी टाकले.
मावशींनी टाकले, वर विचारलं,
"दोन राण्या की दोन एक्के?"

मग तासाभरात एकोणतीस चिंचोके गेले.
किलवर सत्ती आणि चौकट दुर्री घेऊनसुद्धा
मी शेवटच्या पानापर्यंत बसून राहायचे,
काहीतरी येईल म्हणून.
"टाकायला शीक आधी," खैरनार म्हणाले,
"तोफ मागे घेण्याचीही कवायत असते आमच्यात."

शेवटच्या डावात माझ्या दोन जोड्या लागल्या.
मावशींनी ढीगच्या ढीग पुढे सरकवला
आणि पदराने मानेवरचा घाम टिपला.
नोट उजेडाकडे धरली की आतलं चित्र दिसतं,
तसा त्यांचा चेहरा
गच्चीवरच्या त्या एका बल्बकडे धरता आला असता तर.

टाकले मी.
"काय होतं तुमच्याकडे?"
त्यांनी पानं कॅटात मिसळली, पिसली, पुन्हा पिसली.
"पाहायचे पैसे पडतात."

बिटकोपाशी रिक्षा भरायची वाट बघताना
कळवणहून आईचा फोन.
"आलीस का गं कामावरनं?"
"हो, आत्ताच."
अंबडच्या कंपनीने नको सांगून
तीन आठवडे झाले होते.
मी कानाला हात लावून बघितला. गार.

तिकडे थोडा वेळ काहीच नाही.
कुकरची एक शिट्टी.
मग "बरं. जेवून घे."

तिने पत्ते टाकले,
का धरून बसलीय अजून,
मी विचारलं नाही.