माप

उठते म्हणजे आधी बसते.
उजव्या कुशीवरून कोपरावर येते, मग
एकेक उचलून मांडीवर घेते,
शेजारणीची झोपलेली पोरं घ्यावीत तशी.
पाठ उठायला आणखी वेळ लावते.

सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून
चौकोनी घड्या केल्यात.
दोन सकाळी, खालच्या घामात ठेवायला,
दोन पर्समध्ये, डब्याच्या सुट्टीत बदलायला.
कुर्ल्यात हवा वाळत नाही,
दोरीवरच्या घड्याही नाहीत.
पावडर, मलम, पुन्हा पावडर.
मग शिरीनबानूनं शिवलेलं ते चिलखत:
सहा हूक, पट्ट्यांना दप्तराचं कापड.

शिरीनबानूची टेप माझ्यापाशी संपते.
पहिल्या वेळी तिनं संपल्या जागी बोट धरलं,
तिथून नव्यानं सुरू केलं,
आणि आकडा मोठ्यानं म्हटला नाही.
चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी मशीनखाली सारली.
तेव्हापासून मी दुसरीकडे शिवत नाही.

चौथ्या महिन्यात सुरू झालं, ऋजुताच्या वेळी.
आठवड्याला एक ब्लाउज उसवायचा.
बायका म्हणाल्या, दुधाची चंगळ आहे पोरीची.
दूध आलं वाटीभर.
बाकी नुसतं वजन.
मोठ्या हॉस्पिटलात सोळा विद्यार्थी जमले,
डॉक्टर म्हणाले, "रेअर आहे हं, नीट बघून घ्या,"
लग्नातला आहेर दाखवावा तसे.
एकीनंच विचारलं, "दुखतं का?"
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

जायगँटोमॅस्टिया.
विम्याच्या बाईला तीनदा सांगितलं, अक्षर अक्षर फोडून.
पत्र आलं: सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही.
हसले तर मान दुखते.
तरी हसले.

वॉर्ड ऑफिस, जन्म-मृत्यू नोंदणी, खिडकी तीन.
काचेवर खालून अर्ध्यापर्यंत नोटिसा आहेत:
सुट्टे पैसे आणावेत. झेरॉक्स दोन प्रती.
त्या मीच चिकटवल्यात.
पलीकडून दिसतो फक्त केळुसकरबाईंचा चेहरा,
आणि माणसं, बघा, चेहऱ्याशी बोलतात.
सव्वापाचला खिडकी बंद होते,
बाहेर पडले की पुन्हा
सगळ्यांची नजर हातभर खाली.

रात्री नवरा खांद्यांवरच्या खाचांत खोबरेल जिरवतो.
त्याचं बोट तिथं आडवं मावतं.
या घरात आले तेव्हा
उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं,
पायाच्या अंगठ्यानं हलकेच कलंडलं.
आता स्वतःचा अंगठा दिसायला
आरशापासून तीन पावलं मागे जावं लागतं.
नखं ऋजुता कापते, शनिवारी, जमिनीवर बसून.

परवा नखं कापता कापता म्हणाली,
"आई, मलाही होईल?"
"डॉक्टर म्हणतात, बहुधा नाही."
त्यातलं 'बहुधा' मी इतकं हळू म्हटलं
की तिनं नेमकं तेवढंच ऐकलं.
करंगळीपाशी जरा थांबली,
मग दुसरा पाय ओढून घेतला.

तारीख मिळालीय, मार्गशीर्षातली.
पैसे सोसायटीच्या कर्जातून, थोडे माहेरून.
काढतील ते किती किलो भरेल
याचा अंदाज नर्सनं सहज सांगितला,
भाजीवाला सांगतो तसा.
मी विचारलं, मग ते जातं कुठं?
ती फॉर्म भरत राहिली.
अकरा वर्षं मी वागवलेलं,
त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात?
माझ्याकडे दोनच आहेत.

ऋजुता मिठी मारते ती पाठीमागून.
पुढून मारली तर हात पोचत नाहीत,
लहानपणीच शिकली ती हे, कुणी न सांगता.
काल गॅसपाशी उभी होते, आली, बिलगली.
म्हटलं, "ऑपरेशन झालं की पुढून मारशील ना?"
तिनं गाल माझ्या पाठीवर घासला,
जिथं हूक असतात तिथं.
"बघू," म्हणाली. "मला इथली सवय आहे."