नान्नजचा माळ, सव्वीस डिसेंबर

सुट्टीत कुठं जायचं यावर मुलुंडला भांडण झालं होतं म्हणे.
बाईंना समुद्र हवा होता, साहेबांना झोप.
पोरानं नकाशावर बोट ठेवलं ते थेट इथं,
बार्शी रस्त्याला,
जिथं नकाशातसुद्धा काही काढलेलं नाही.

गाडीच्या मागच्या काचेत सोलापुरी चादर, अजून प्लास्टिकमध्येच.
शेंगाचटणीचा वास दार उघडायच्या आधी उतरला.
मग अन्वय उतरला. वय नऊ.
गळ्यातली दुर्बीण चालताना बरगड्यांवर आपटत होती.
"काका, माळढोक दिसेल ना?"

दिसला तर दिसला, म्हणलो.
हे उत्तर माझं पाठ आहे.
रेवणसिद्ध, वनखात्याचा रोजंदारी, वर्षं एकवीस,
त्यातली पहिली बारा हे उत्तर खरं होतं.

चला, पायाखाली बघून चला. कुसळी गवत आहे,
मोज्यात शिरलं की मुंबईपर्यंत येतं.
ती बघा काळविटं. नर काळा, बाकी बायका.
हा वाळलेला पांढरा गोळा लांडग्याचा,
केस दिसालेत का त्यात? ससा असंल.
बाईंनी फोटो काढला. कशाचा, ते विचारलं नाही.
चंडोल वर गेला आणि तिथंच टांगून राहिला, बोलत.
साहेब म्हणाले, इथं रेंज नाही.
मी म्हणलो, नाही.
त्यानंतर ते जरा हळू चालायला लागले.

मचाणावर दोन तास.
ऊन आडवं आलं, गवत पितळेचं झालं.
पोरगं दुर्बीण खाली घेईना,
डोळ्यांभोवती लाल गोल उमटले.
दर थोड्या वेळानं एक बोट वर करायचा,
मी बघायचो. दगड.
परत बोट. बाभळीचं खोड.
परत. ती आमच्याच मोटारसायकलची सीट होती.

मग मला काय झालं कुणास ठाऊक.
खाली उतरलो. बूट काढले.
गळ्यातला टॉवेल मागं खोचला, शेपूट म्हणून.
मान ताठ केली, हनुवटी किंचित वर,
तो तसाच चालायचा,
लग्नात मानापानासाठी अडून बसलेल्या मामासारखा,
एक पाऊल, थांबायचं, माळाकडं असं बघायचं
की सातबारा त्याच्याच नावावर आहे.
गळ्याची पिशवी फुगवली, म्हणजे गाल फुगवले,
आणि छातीतनं काढला तो आवाज,
रिकाम्या रांजणात कुणी हाक मारावी तसा,
हुम्म.
अर्धा कोस जायचा तो. माझा गेला कुंपणापर्यंत.

साहेब हसले. बाई हसल्या.
पोरगं हसलं नाही.
त्यानं दुर्बीण लावली, माझ्यावर,
पंचवीस फुटांवरनं,
आणि श्वास धरून बघत राहिला.
तेव्हा मला थांबता येईना.
एकावन्न वर्षांचा माणूस, गुडघा दुखालाय,
उघड्या माळावर मादीला बोलवत होतो.

अंधार पडता पडता शेकोटी केली,
शेजारच्या शिवारातली कणसं भाजली,
गरम हुरडा हातावर चोळून दिला.
साहेबांनी चौथ्यांदा हात पुढं केला.
बाई कुसळं काढत बसल्या होत्या,
एकेक काढायच्या, बघायच्या, विस्तवात टाकायच्या.

निघताना चौकीतल्या वहीत सही.
नाव, गाव, गाडी नंबर,
आणि शेवटचा रकाना: माळढोक, संख्या.
तो रकाना मीच भरतो, सगळे गेल्यावर, एकाच आकड्यानं,
म्हणून त्यातलं माझं अक्षर इतकं सुबक झालंय.

गाडीचे दिवे वळले.
कंदील जवळ घेतला, वही ओढली.
रकान्यात आधीच लिहिलेलं होतं, बॉलपेननं, दाबून,
एक.
आणि खाली, ओळीच्या बाहेर जात: नर. अनवाणी.

पुढच्या महिन्यात साहेबांचा दौरा आहे.
विचारतील.
व्हाइटनर टेबलाच्या खणात आहे, सुकलेलं नाही.
मी खण उघडला होता.