एकोणीस गुणांनी

एकोणीस गुणांनी हरलो परवा, वाशीत.
हरलो म्हणतो मी,
कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला,
अकरावीत शाळा सुटलेला.

हर्षला म्हात्रेचा गुडघा गेला
तेव्हापासून आपलं काही खरं नाही.
नवी पोर डावीकडे वळतच नाही.
मला दिसतं, सरांना कसं दिसत नाही?

तरी साडेचारला शटर अर्धं ओढून
ऐरोलीच्या तडकलेल्या कोर्टाच्या जाळीला नाक.
खाडीचा वारा आपलेच फ्री थ्रो वाकवतो,
असं मी धरून चालतो.

काल सगळ्या गेल्यावर ती एकटीच थांबली.
डावा हात. डावा हात. डावा हात.
अकरा चुकले, मी मोजले.
बारावा रिंगवर फिरत राहिला

आणि मागून गिऱ्हाईक: काका, दोन्ही बाजूंनी काढायचंय!
थांब रे,
चेंडू अजून खाली आला नाही.