गाळाची नळी

मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
समुद्रापासून इतक्या लांब, नागपुरात,
आमच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत
किनाऱ्याकडून एक नळी आली.
मनगटाएवढी जाड, दोन्ही तोंडांना मेण.
आत दलदल.

सुतळीला बांधलेली चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली:
‘राखीव क्षेत्र. एकच नमुना घेतला, खड्डा बुजवला.
निवट्या पुष्कळ. पाणमांजराची पावलं ताजी.
दुसरा मागू नये.
– सु. तिरोडकर, वनरक्षक’

नळी उभी चिरली, तेव्हा आधी वास आला.
मग पानं. कधीकाळी गळालेली,
कुजायचं राहूनच गेलेली,
शिरा मोजून घ्याव्यात इतकी शाबूत.
खेकड्याची नांगी.
एका भुंग्याचा पंख, अजून निळा.
हवा लागली तसा तो
माझ्यादेखत काळा पडला.
वहीत मी ‘रंग : निळा’ लिहून बसले होते.
खोडलं नाही.

देवाजी वलथरे, आमचा मदतनीस, भंडाऱ्याकडचा ढिवर,
वाकून हुंगत म्हणाला,
“मॅडम, हा तं आमच्या बोडीचा वास हाय.
शिंगाड्याच्या वेलाखाली हात घातला का असाच येते.”
मी म्हणाले, तिथं पाणी खारं असतं.
“असन,” तो म्हणाला, “चिखल कुठं इचारते.”

दुपारी दोनला लाइट गेली.
शीतपेटी गप्प.
गाळावर पहिली भेग, केसाएवढी.
ओली असेतो ही माती श्वास धरून असते,
सुकली की सोडते,
आणि सोडलेला परत घेत नाही.

मी फोन लावत होते. कुणी उचलत नव्हतं.
देवाजीनं खिडकीतल्या कूलरची ताटी उपसली,
बोडीकाठचा वाळा, त्याच्याच काकानं बांधलेला,
माठातलं पाणी तिच्यावर ओतलं
आणि नळीवर पांघरली,
बाजाराला नेताना मासे झाकतात तशी.

खोलीभर दोन दलदलींचा वास.
एकीला वनरक्षक आहे.
दुसरीवर गेल्या उन्हाळ्यात मुरूम पडला,
अर्ध्याला अर्धी बुजली;
ती नोंद कुठल्याच वहीत नाही.

सव्वापाचला लाइट आली.
भेग तेवढीच होती.
ताटी उचलताना वाळ्याच्या मुळाला चिकटून
गाळाचा एक कण वर आला.
देवाजीनं तो नखानं सोडवला,
उजेडात धरून बघितला,
परत जागेवर ठेवला.