वाऱ्याची दोन बोटं

साखरीनाट्याच्या जेटीवर लिलावाचा एक ओटा आहे.
सकाळी त्यावर बांगड्याचे ढीग, पाचनंतर आम्ही.
मध्ये कधीतरी कोणी पाइप लावून तो धुतं,
पण खवले हटत नाहीत,
बॉलला चिकटून वर येतात
आणि उतरत्या उन्हात बॉल
जिवंत असल्यासारखा चमकतो.

रिंग म्हणजे डिझेलच्या पिंपाचं कडं.
मागची फळी मोडीत काढलेल्या ‘रहमत’ची,
तिच्यावर नावातलं ‘मत’ तेवढं उरलंय.
फळीवर आपटून टाकायचं असलं की
आम्ही ओरडतो, ‘मतावर मार!’
जाळी इसहाकचाचांची.
किती आसाची हवी, त्यांनी विचारलं.
बॉल खाली पडेल एवढी, म्हटलं,
तर सुतळी दातात धरून हसले:
‘जन्म गेला अडकवायची जाळी विणण्यात,
आणि तुम्ही सोडणारी मागताय!’

नियम थोडे.
बॉल पाण्यात गेला तर ज्यानं टाकला त्यानं उडी मारायची.
ओहोटी असेल तर गुडघाभर चिखल, आणि एक गुण वजा.
टेकबहादूरला पोहता येत नाही.
तीन महिने झाले, ‘दर्यादौलत’वर खलाशी आहे,
रात्रभर खोल समुद्रात जाळं ओढतो,
पण जेटीवर पाण्याच्या बाजूनं कधी बॉल टाकत नाही.

आणि वारा.
संध्याकाळी तो समुद्रावरून येतो,
म्हणून रिंगच्या डावीकडे दोन बोटं धरायची.
रात्री मतलई सुटली की उजवीकडे.
हे कोणी शिकवलं नाही. सायमाच्या हातात तर
ते आमच्याही आधी आलं.

फेब्रुवारीत रत्नागिरीला स्पर्धा.
पहाटेची एसटी, पाच जण, बूट तीन जोड.
मुलींचा संघ नव्हता, म्हणून सायमा
वही घेऊन वर बाकावर.
हॉल बंद, चारी बाजूंनी.
लाकडी जमीन इतकी गुळगुळीत
की वैभ्या आत शिरताना चपला काढू लागला.
फळी काचेची. तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.
नुमान सवयीनं ओरडला, ‘मतावर मार!’
आणि समोरचे गोंधळून रेफरीकडे बघायला लागले.
आमची हसू दाबायची ती शेवटची वेळ.

मी टाकला, कड्याला लागून बाहेर.
नुमानचा बाहेर. वैभ्याचाही.
रिंग आमच्या पिंपापेक्षा अरुंद, तेही कळलं,
पण ते एवढंच नव्हतं.
मध्यंतराला सायमा जिना उतरून आली,
वही उघडून दाखवली:
डावीकडे. डावीकडे. डावीकडे. पानभर.
‘अरे, इथं वारा नाहीय.’

कळून काय होतं?
डोकं म्हणायचं सरळ,
मनगट तिथंच जायचं, दोन बोटं डावीकडे,
नसलेल्या वाऱ्यावर बेतून.
सेहेचाळीस–अकरा हरलो.
अकरातले आठ टेकचे.
त्याच्या हातात अजून वारा शिरलाच नव्हता.

शेवटच्या गाडीनं परत आलो. साडेदहा झाले होते.
बर्फाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी,
हजेरी मलाच मांडायची, म्हणून अर्धा तास मिळाला.
जेटीवर एकच दिवा, मतलई सुटलेली.
सायमानं पहिला टाकला, उजवीकडे दोन बोटं,
आणि वाऱ्यानं तो अलगद सरकवून
चाचांच्या जाळीत सोडला.
मग नुमानचा. मग माझा. वैभ्याचा तर मतावरून.
कोणी काही बोललं नाही, पण खांदे सैल झाले.

‘टेक, तू टाक.’
तो पहिल्यांदाच पाण्याच्या बाजूला उभा राहिला.
सरळ टाकला, दुपारसारखाच, अगदी सरळ.
वाऱ्यानं उचलला, फळीच्या कडेला लागला,
बोटींच्या मधल्या काळोखात
डुबुक.

टेक काठाशी जाऊन वाकून बघत राहिला.
नियम त्यालाही माहीत होता.
नुमाननं काही न विचारता
शर्ट काढून माझ्या हातात दिला.