माईक घेऊन फिरणारा

सोमवारी सभागृहात चौदा माणसं.
त्यांतली पाच नुसती आडोशाला आलेली,
त्यांच्या छत्र्यांचं पाणी उताराने
थेट व्यासपीठाच्या पायरीशी जमलं.
वक्ता दगडफुलांविषयी बोलत होता.
वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतं, म्हणाला, एकेक,
आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता.

माझं काम एवढंच:
व्याख्यान संपलं, की हात वर झाला तिथे
माईक नेऊन पोचवायचा.
माईक हाती येताच निम्मे प्रश्न विसरतात,
उरलेले आपलं नाव, पेठ, कुठल्या साली पास झालो
इथपासून सुरू करतात.
अकरा वर्षं झाली. वाल्दिव्हियात, नदीकाठी,
विद्यापीठ दर ऑक्टोबरात आठवडाभर
सगळ्यांना दार उघडं ठेवतं
आणि मी तेवढ्यापुरता काळा सदरा घालतो.

मंगळवारी खेकडे.
बुधवारी प्रोजेक्टर रुसला,
तर कृष्णविवरं सांगायला आलेल्या पोराने
दिवे घालवून ती नुसत्या हातांनी सांगितली.
अंधारात हात कुणालाच दिसले नाहीत,
टाळ्या मात्र त्यालाच सर्वांत जास्त.

गुरुवारी डॉ. यास्ना क्रेमर.
काळ्या मानेचे हंस मोजते ती,
वीस वर्षं, पहाटे, होडीतून.
पडद्यावर दलदल, लव्हाळे,
नकाशावर घरट्यांचे ठिपके, नंबर घातलेले,
आलेखाची एक रेघ, मध्येच कोसळलेली,
मग कण्हत कण्हत वर आलेली.
म्हणाली, हे सगळं पाणी साठच्या भूकंपाचं.
जमीन दोन मीटर खचली,
नदी आत आली ती राहिलीच.
हंस मागाहून आले.
आपल्या शहराला, म्हणाली, न मागता मिळालेला नजराणा.

तिसऱ्या रांगेतून हात वर.
दोमितिला आंतियांका.
मासळीबाजारात चाळीस वर्षं शिंपले विकले तिने,
तिला कोण ओळखत नाही?
माईकही तिने तसाच धरला,
आता सुरीने उघडणार असल्यासारखा.

"बाई, तुमच्या नकाशात चार नंबरचा ठिपका आहे ना,
तिथे आमचा गोठा होता.
सतरा गाई. मी नऊ वर्षांची.
पोटापर्यंत पाणी आलं तरी उभ्या होत्या,
हंबरत नव्हत्या.
माझं विचारणं एवढंच, की
कुंपणाचे खांब आहेत का अजून खाली?"

यास्नाने दोन स्लाइड मागे नेल्या, मग पुढे,
मग रिमोट टेबलावर ठेवून दिला.
"चार नंबरला वल्हं अडकतं आमचं," म्हणाली.
"काहीतरी लाकडाचं आहे.
वहीत आम्ही नुसतं 'अडथळा' लिहितो."

"लुमाचं असणार," दोमितिला म्हणाली,
आता माईक मांडीवर, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.
"बाबा म्हणायचे, लुमाचं लाकूड
माणसाला पुरून उरतं."

त्यानंतरच्या गृहस्थांनी विचारलं,
हंसांमुळे सर्दी-ताप पसरतो का.
विचारायला हवंच, कुणीतरी.
नंतर दारापाशी त्या दोघी
माझ्याच पेनने, माझ्याच कागदावर
फोन नंबर लिहून घेत होत्या.
पेन परत आलं नाही.

शुक्रवारी यीस्ट.
नऊ माणसं, त्यांत एक झोपलेला.
वक्त्याचं नाव एगोन, कानांपर्यंत लाल झालेला,
प्रश्न? म्हणाला. कोणी काही?
मी भिंतीला टेकून उभा, माईक माझ्याच हातात,
न्यायचा कुठे?
घसा खाकरला. स्पीकरमधून तो केवढा मोठा झाला.

"साहेब, यीस्ट मेलं हे कशावरून कळतं?
माझी आई पिठाचा गोळा
कानाला लावून बघायची."

एगोन व्यासपीठाच्या कडेशी आला,
पायरीवरच्या त्या सोमवारच्या डागावर उभा राहिला.
"कानाला?" म्हणाला. "काय ऐकू यायचं त्यांना?"

ते काही मी
कधी विचारलं नाही.