तिसरा संदर्भ

बढतीच्या अर्जात रकाना क्रमांक नऊ:
एकूण शोधनिबंध, एकूण संदर्भ, निर्देशांक.
वेंगुर्ल्यात, भावाच्या पडवीत,
मोबाइलच्या दोन काड्यांवर
मी स्वतःला मोजत बसले आहे.

सत्तेचाळीस निबंध. एक हजार तीनशे सहा संदर्भ.
त्यातले नऊशे एकाच आढावालेखाचे,
ज्यात माझा स्वतःचा एकही उंदीर नाही.
दुसऱ्यांनी पकडलेलं मी नीट वाटे लावून मांडलं,
आणि गिऱ्हाईक लोटलं.

यादी खाली सरकवते.
तीनशे, चाळीस, अकरा.
आकडे बारीक होत जातात
तुळाजी रेडकरांच्या अक्षरासारखे.

तुळाजी बंदरावर लिलावाचा हिशेब लिहायचे.
सुरुवातीच्या वह्यांत सुरमई कशी ठसठशीत,
वेलांटी गळासारखी.
मग वर्षागणिक बांगडे मुंगीएवढे झाले.
शेवटच्या वहीत ती कोळंबी की तारीख,
यावरून दोन व्यापारी हमरीतुमरीवर आले.
अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा,
तळव्यात काही नसताना मळत.
'तंबाखू कदीच सोडलंय,' ते म्हणायचे,
'पण बोटांक कोण सांगतलो?'

मी तेव्हा नोकरीत नवी.
खाजकुयलीच्या बियांत डोपा असतो
हे वाचून आलेली, आणि फार घाईत.
केळुसच्या सत्यवतीने शेंगा काढून दिल्या,
हाताला राख, डोक्याला फडकं.
'वाऱ्याच्या तोंडाक उभी ऱ्हव नको गो,
कुसां उडतली.'
दुधात दोनदा उकडून तिने बियांची सालं काढली.
सासूची रीत, म्हणाली.
मी निबंधात लिहिलं:
बिया स्थानिक पातळीवर गोळा करण्यात आल्या.
कर्मणी प्रयोग.
कर्ता तिकडे केळुसात मनगट खाजवत होता.

माझे ताठरलेले उंदीर त्या बियांनी चालू लागले.
तुळाजी मात्र पद्धतीत बसले नाहीत.
नमुना एक.

यादीच्या तळाशी तो निबंध.
एक वार: माझाच संदर्भ.
दोन वार: पुन्हा माझाच.
तीन वार

हा मी कधी पाहिलाच नव्हता.
नायजेरियातला कुणी नवोसू.
दोन वर्षं, बहात्तर उंदीर, आणि शेवटी एक वाक्य:
या निष्कर्षांना आम्हाला दुजोरा देता आला नाही.

आधी कानशिलं तापली.
भावजयीने चहा ठेवला तो साय धरेपर्यंत तसाच.
मग वाटलं, नऊशे जणांनी
माझं नाव कंसात कोंबून पुढचं वाक्य गाठलं.
हा एकटा
माझ्या शब्दावर विसंबून दोन वर्षं बसून राहिला.
त्याच्या उंदरांनी खाणं सोडलं, असं तो लिहितो.
सोडणारच. कच्च्या बिया.
दूध माझ्या वहीच्या समासात होतं,
निबंधात नव्हतं.

सत्यवतीला फोन लावला.
पलीकडे कोंबड्या, मग तिचा खोकला,
मग मी कोण ते तिला आठवेपर्यंत थोडा वेळ.
दोनदाच उकडायच्या ना गं?

'दोनदा खंयचा? तीनदा.
तू दोनदाच बघलंस,
मगे एश्टी पकडूक धावलंस.'

अर्ज पडवीतच राहिला,
वर पानाचा डबा ठेवलाय, उडू नये म्हणून.
नवोसूला पत्र लिहायला घेतलं आहे.
तीन वाक्यं खोडली.
क्षमस्व खोडलं.
आता पहिलं वाक्य कर्तरी:

सत्यवती केळुसकर बिया तीनदा उकडतात.